नरकाच्या दारातलं टेबल

चहा घ्या आधी. हा किस्सा कोरड्या घशानं ऐकण्यासारखा नाही, आणि सांगण्यासारखा तर मुळीच नाही. पण तुम्ही तो आज ना उद्या कुणाकडून तरी ऐकणारच. रायपुरातल्या मराठी घरांत माझी फजिती सध्या उसन्या साखरेसारखी फिरते आहे; फरक इतकाच, की साखर परत येताना कमी होते आणि ही वाढते. तेव्हा म्हटलं, मूळ प्रत माझ्याकडूनच घ्या.

मी छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत बाबू होतो. आवक-जावक शाखा. माझ्या टेबलावरून अपुरा कागद कधी पुढे गेला नाही. एका बड्या साहेबाच्या मेव्हण्याचा अर्जसुद्धा मी दोनदा परत केला आहे. हे मी पूर्वी अभिमानानं सांगत असे. आता जरा इकडेतिकडे बघून सांगतो.

निवृत्त झाल्यावर माणसाचं काय होतं ठाऊक आहे? गुडघे दुखायला लागतात आणि लोकांना सुधारावंसं वाटायला लागतं. गुडघ्यांसाठी डॉक्टर आहेत. दुसऱ्या दुखण्यावर औषध नाही.

मला सुधारायला एकच माणूस पाहिजे होता, आणि नेमका तोच सुधारता येत नव्हता. कारण तो माझा जावई.

नितीनराव मूळचे यवतमाळकडचे. इथं उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात रोलिंग मिलमध्ये शिफ्ट इन्चार्ज. माणूस सोन्यासारखा. आमच्या वृंदाला त्यांनी कधी चढ्या आवाजात हाक मारली नाही. खोड एकच, खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून केलेला तो ओला भुगा. दिवसाला चार-पाच पुड्या.

गेल्या उन्हाळ्यात वृंदा आईजवळ येऊन रडली. नितीनरावांचं तोंड आता पुरतं उघडत नाही. पाणीपुरी अख्खी जात नाही, फोडून खावी लागते. डॉक्टरनं तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली, तर दोनच गेली. डॉक्टर म्हणाला, आज सोडला तर ठीक, पुढच्या वर्षीचं मी काही सांगत नाही.

"बाबा, आप ही बोलो ना इनको," वृंदा म्हणाली. आमच्या लेकीला मराठी सगळं समजतं, रडते मात्र हिंदीत.

आता तुम्हीच सांगा, जावयाला कसं बोलायचं? धोंड्याच्या महिन्यात ज्याच्यापुढे चांदीच्या ताटात अनारसे ठेवले, त्याला 'काय खाता हो तुम्ही' असं विचारायचं? आमच्यात सासऱ्यानं जावयाशी बोलायची वाक्यं दोनच. 'आलात, बरं वाटलं' आणि 'घ्या ना अजून'. मी दोन महिने जिवाचा धडा करत होतो. एकदा ते अंगणात जाऊन खर्रा खाऊन परत आले. मी ठरवलं, आता बोलायचं. तोंड उघडलं, आणि निघालं काय, तर 'घ्या ना अजून'.

अशात एका दुपारी टीव्हीवर तो माहितीपट लागला. मी लावला नाही. हल्लीचा टीव्ही आपल्याला विचारत नाही, स्वतःच ठरवतो.

अमेरिकेतलं कुठलंसं गाव. तिकडे ऑक्टोबरअखेर हॅलोवीन नावाचा सण असतो, लोक भुताखेतांची सोंगं घेऊन फिरतात. भीतीची घरं उभारतात, पोरं हौसेनं भिऊन येतात. तर या गावातल्या चर्चच्या मंडळींनी विचार केला, पोरांना भ्यायचंच आहे ना, मग कामाच्या गोष्टीला भिऊ दे. त्यांनी स्वतःचं भीतीघर उभारलं. एका खोलीत दारू पिऊन गाडी ठोकलेला पोरगा, दुसरीत नशेत वाया गेलेली मुलगी, असं पाप दाखवत दाखवत शेवटी थेट नरक. लाल उजेड, धूर, किंकाळ्या. नरकात काम मिळावं म्हणून गावातली पोरं चाचणी द्यायला रांगेत उभी. सैतान व्हायला सगळे तयार, देवदूत व्हायला कुणाला सवड नाही.

माझं लक्ष होतं शेवटच्या खोलीवर. नरकातून निघालेल्या लोकांना तिथे आणत. एक शांत माणूस विचारी, आता बदलायचं का? ज्याला बदलायचं त्यानं आत जाऊन प्रार्थना करायची आणि कार्डावर नाव लिहायचं.

माहितीपट करणारा स्वतः चकार शब्द बोलत नव्हता. कुणी रडत बाहेर येत होतं. कुणी चिडून विचारत होतं की माणसाला भेदरवून देव भेटतो का? प्रश्न रास्त होता. मी तो नीट ऐकला आणि कागदावर नकाशा काढायला घेतला.

त्यांच्या धर्माशी मला काही घेणं नव्हतं. मला त्यांची कार्यपद्धती आवडली. जावयाला सांगता येत नाही, पण जावयाला दाखवता येतं. गणपती महिन्यावर आले होते. आमच्या पाऱ्यातलं, म्हणजे मोहल्ल्यातलं, मराठी मंडळ दरवर्षी झांकी करतं, देखावा उभारतं. यंदा नरक करायचा, हे माझं ठरलं.

मंडळाचे अध्यक्ष बापट, रेल्वेतले निवृत्त गार्ड. त्यांनी आधी लाल झेंडी दाखवली.

"गणपतीसमोर नरक? लोक काय म्हणतील?"

"मागच्या वर्षी गणपतीसमोर रॉकेट होतं. तेव्हा लोक काय म्हणाले?"

"धूर कमी आहे म्हणाले."

"नरकात धूर भरपूर असतो."

बापट विचारात पडले. "यम कोण होणार?"

मी फक्त त्यांच्या पोटाकडे आदरानं पाहिलं. ठराव मंजूर झाला.

यमदूतांसाठी पाऱ्यातल्या पोरापोरींची झुंबड उडाली. देवदूत व्हायला एकही नाव आलं नाही, म्हणून स्वर्ग रद्द केला. कढई भाड्यानं आणायला मी स्वतः गोल बाजारात गेलो.

"सबसे बड़ी वाली दिखाइए."

दुकानदारानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "बिहाव हे का, कका?"

"शादी नहीं. नरक है."

"हव," तो शांतपणे म्हणाला, "एके बात आय."

पहिल्या खोलीचा मजकूर मी एकट्या नितीनरावांसाठी लिहिला होता. खर्रा खाणारा एक पापी, त्याच्यापुढे यमदूत पाणीपुरीची भरली ताटं घेऊन उभे, आणि त्याचं तोंडच उघडत नाही. बाकी मोबाइलवर बोलत स्कूटर चालवणारा, मग कढई, ही केवळ भरती. शेवटी बाहेरच्या दारापाशी, ट्यूबलाइटखाली, माझं टेबल.

टेबलावर संकल्प-पत्रं. अमेरिकेतलं ते कार्ड पाहून मला वाईट वाटलं होतं. नुसतं नाव? त्यावर कारवाई काय करणार? मी बाकायदा अर्ज तयार केला, दोन प्रतींत. नाव, वडिलांचं नाव, व्यसनाचं स्वरूप, व्यसन सुरू झाल्याचा दिनांक, आणि कंसात 'अंदाजे चालणार नाही'. सोबत दोन फोटो, आधारची झेरॉक्स आणि एका निर्व्यसनी साक्षीदाराची सही.

आमच्या हिनं तो वाचला. हिचं माहेर वर्धा, जिभेवर अजून वर्धाच आहे.

"अहो, त्या लोकायनं निस्तं नाव घेतलं म्हनता ना? मंग तुमाले एवढं काहून लागते?"

"कागद पक्का असला म्हणजे माणूस पक्का राहतो."

"अन् निर्व्यसनी साक्षीदार कोठून आनतीन लोकं?"

"मी आहे ना."

"दिवसाले सहा चहा पेता तुमी," ही म्हणाली आणि कणीक मळायला निघून गेली.

पहिल्या संध्याकाळी नरक उघडला आणि माझ्या पहिल्या अपेक्षेचा तिथेच अंत झाला. भीत कुणीच नव्हतं. पोरं यमाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होती. बापट मिशा सावरत प्रत्येकाला 'अपना कौन-सा पाप है' असं प्रेमानं विचारत होते. कढईत खरं म्हणजे लाल बल्ब आणि धुराचं यंत्र. तरी एक म्हातारी थबकली आणि यमदूताला म्हणाली, "तेल जरत हे बेटा, आँच ला कम कर." यमदूतानं आच कमी केल्याचं नाटक केलं, तेव्हा कुठे ती पुढे सरकली.

पण माझ्या टेबलापाशी मात्र चमत्कार होत होता. हसत-खिदळत आलेली माणसं ट्यूबलाइटखाली येताच गप्प व्हायची. मी वर न बघता म्हणायचो, "नाव." पुढचा घोगऱ्या आवाजात नाव सांगायचा.

"पिताजी का नाम?"

"जी... लिख दिया है."

"यह नीली स्याही से है. काली से लाइए."

"अभी?"

"कल आइए. अगला."

एक निवृत्त गृहस्थ तर माझ्यासमोर येताच घामेघूम झाले. खांद्याच्या पिशवीतून त्यांनी एक प्लास्टिकची थैली काढली आणि आधार, पासबुक, हयातीचा दाखला असं सगळं एकामागून एक टेबलावर मांडलं. त्यांना कसलंच व्यसन नव्हतं. "तरी राहू द्या," ते म्हणाले, "पुन्हा फेरा नको." मी त्यांची कागदपत्रं तपासली. हयातीच्या दाखल्यावर शिक्का पुसट होता. तसं मी त्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून रांग वाढली. लोक नरकातून धावत निघत आणि माझ्यासमोर येऊन हळू होत. तरुण पोरं म्हणत, "अंकल, एक बार फिर से बोलिए ना, कल आइए." मी बोलायचो. नियम समजून घ्यायची तरुण पिढीला एवढी आस असेल, असं मला वाटलं नव्हतं. चौथ्या दिवशी रांग गल्लीच्या तोंडाशी गेली. पूर्ण भरलेला अर्ज अजून एकही आला नव्हता, पण मी खचलो नाही. कचेरीतही सुरुवातीला असंच असतं.

पाचव्या दिवशी नितीनराव आले.

उरल्याहून शिफ्ट संपवून सरळ आले होते. केसांत मिलची धूळ, हातात डबा. मी पडद्याच्या फटीतून पाहत होतो. पहिल्या खोलीपाशी ते उभे राहिले. लोक मागून येऊन पुढे गेले, तरी ते उभेच. समोर पोरं पाणीपुरीचं ताट नाचवत होती, पापी हात जोडत होता. नितीनरावांनी हळूच स्वतःच्या जबड्यावर हात फिरवला. वाटलं, उठून जावं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवावा.

पण रांग होती. रांग सोडून मी कधी उठलेलो नाही.

ते कढईकडे न बघता थेट आले आणि आपला नंबर लागेपर्यंत मुकाट्यानं उभे राहिले. मग पुढे होऊन त्यांनी खिशातून पुडी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"बाबा, लिहून घ्या. सोडून राहिलो म्या."

आता पाहा. ज्याच्यासाठी महिनाभर नरक उभारला, तो माणूस समोर. पुडी टेबलावर. मी काय करायला हवं होतं? पुडी उचलून फेकायची, त्यांचा हात धरायचा, इतकंच ना? एखादं लहान मूलही ते करू शकलं असतं. पण माझ्यासमोर अर्ज होता. हातात पेन होतं. आणि छत्तीस वर्षं माझ्या मानेवर बसलेला तो बाबू माझ्याआधी बोलला.

"पूर्ण नाव?"

"बाबा, मी नितीन."

"पूर्ण नाव. आडनाव आधी."

त्यांनी सांगितलं.

"व्यसन सुरू झाल्याचा दिनांक?"

"कालेजात. पावसाळ्यात केव्हातरी."

"अंदाजे चालत नाही. फोटो आणलेत?"

"फोटो? मी ड्यूटीवरून येऊन राहिलो, बाबा."

"आधारची झेरॉक्स?"

मागे पोरं तोंडावर हात धरून हसत होती. मला वाटलं, सासऱ्यानं जावयाला सवलत द्यावी म्हणून हसत आहेत. तेव्हा मी आणखी ताठ झालो. सगळ्यांना एकच नियम.

"अर्ज अपूर्ण आहे," मी म्हणालो. "उद्या या." आणि मग, माझ्या हातानं, टेबलावरची ती पुडी उचलून त्यांच्या हातात परत दिली. "ही अर्जासोबतच जमा होते. आता घेता येणार नाही. पुढचा."

नितीनरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पुडीकडे. मग बाहेर गेले.

प्रसादाची परात घेऊन ही मागे उभी होती, ते मला परात आदळल्यावर कळलं.

"जावई आपल्या पायानं सोडायले आला," ही म्हणाली, "अन् तुमी खर्रा वापस देला त्याच्या हातात?"

"उद्या येतील ना ते."

"तुमच्या हापिसात उद्या कोनी आलं होतं काय कधी? लोकं यायचंच सोडून देत."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. वृंदानं फोन उचलला नाही. जेवणात मला भात वाढला जाई आणि वरण माझं मी घ्यायचं, असा घरचा निकाल लागला होता.

पण मी हटणारा नव्हतो. त्यांचा अर्ज मीच भरला. लग्नाच्या अल्बममधून दोन फोटो कापले, घरात पडलेली त्यांच्या आधारची झेरॉक्स जोडली. साक्षीदार म्हणून स्वतः सही केली आणि त्या दिवशी चहा घेतला नाही. व्यसनाच्या दिनांकापुढे 'पावसाळा' लिहिलं. असा अपूर्ण शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा मान्य केला. मग ऑटो करून, ट्रकांची धूळ खात, उरल्याला मिलच्या फाटकापर्यंत गेलो.

"पास?" चौकीदारानं विचारलं.

"मैं उनका ससुर हूँ."

"ससुर का भी पास लगता है, कका. फोटो लाए हैं?"

"फोटो है, लेकिन दामाद का है."

"अपना लाइए. आधार की कॉपी भी. कल आइए."

मला राग आला का? मुळीच नाही. नियमानं तो बरोबर होता. उलट त्यानं मला बसायला स्टूल दिलं, जे मी कचेरीत कधी कुणाला दिलं नव्हतं. शिफ्ट सुटेपर्यंत तिथे बसलो. नितीनराव दुसऱ्या फाटकानं निघून गेले होते.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी बक्षीस समारंभ. परीक्षक म्हणून दुसऱ्या मंडळाच्या एक बाई आल्या होत्या, शाळेत नाटकं बसवणाऱ्या. सजावटीचं, संगीताचं, अशी बक्षिसं झाली. बापट यमाच्या वेशातच पहिल्या रांगेत बसले होते, पुढच्या नावासाठी पटका नीट करून.

"आणि या नरकातलं सगळ्यात भयानक पात्र," बाई म्हणाल्या, "म्हणजे दारातला तो बाबू."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मागे वळून पाहिलं, कोण बाबू म्हणून.

"यम ठीक होता," बाई सांगत होत्या, "पण मान वर न करता 'पुढचा' म्हणणं, ती निळ्या शाईची हरकत, माझ्या तर अंगावर काटा आला. मी घरी जाऊन आधी सगळ्याच्या झेरॉक्स काढून ठेवल्या. केवढा अभ्यास असेल त्या भूमिकेमागे."

मला ढकलत मंचावर नेलं. तुम्हाला सांगतो, दहा दिवसांत पहिल्यांदाच माझ्या डोक्यात उजेड पडला. ती रांग अर्जासाठी नव्हती. ते सगळे मला बघायला येत होते. नरकाचा शेवटचा देखावा म्हणून.

मी माइक घेतला आणि स्पष्ट सांगितलं, "मी नरकात काम करत नव्हतो. मी नरकाच्या बाहेर बसलो होतो."

लोक हसून हसून लोटपोट झाले. मी पुन्हा म्हणालो, "मी अभिनय केलेला नाही." तेव्हा काही जण उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बापट बाजूच्याला म्हणाले, "दहा दिवस मिशा चिकटवून कातडी सोलली माझी, आणि बक्षीस यांना."

प्रमाणपत्र घेऊन मंचामागे उतरलो, तर तिथे वृंदा आणि नितीनराव. मी खिशातून अर्ज काढला. चार घड्या पडलेला, घामानं ओला.

"नितीनराव, हा पूर्ण आहे," मी म्हणालो. "फक्त सही करा. ती नाही केली तरी चालेल. तुम्ही पुडी द्या, मी..."

"पुडी नाही आता, बाबा," ते म्हणाले. "त्याच दिवशी बाहेर निघालो अन् नालीत टाकली. पाच दिवस झाले. हिले म्हनलं, सांगू नको कोनाले, टिकते काय पाहू."

"म्हणजे पहिल्या खोलीचा उपयोग झाला."

"तिथं वाईट वाटलं. पन ते घरीही वाटतच होतं." जावई सासऱ्याला तोंडावर काही सांगणार होता, आणि आमच्यात त्याचीही वाक्यं ठरलेली नाहीत. "खरं सांगू? भेव लागलं ते तुमच्या टेबलावर. म्या इचार केला, आपून लवकर मेलो, तर वर बी असाच एखादा बसला असन. फोटो माग, झेरॉक्स माग, उद्या या म्हन. मले नाही जमत, बाबा. जेवढं लांबवता येते तेवढं लांबवतो."

वृंदा हसता हसता डोळे पुसत होती. मी अर्ज परत खिशात ठेवला. कुठे दाखल करावा, ते कळेना.

घरी आलो. हिनं पाण्याचा पेला पुढे केला, पाच दिवसांत पहिल्यांदा.

"काय म्हनले जावई?"

"खर्रा सोडला," मी म्हणालो. "मेल्यावर माझ्यासारखा माणूस भेटू नये, म्हणून आता ते खूप जगणार आहेत."

"नशिबाचे आहेत," ही म्हणाली. "मले तर जितेपनीच भेटला."